मंडळ आणि मंडळी

(लेटरकेनी येथे कोजागिरीच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)

नमस्कार मंडळी!

'मंडळी' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. 'चला मंडळी, पानं वाढली आहेत' असं आपण घरोघर म्हणतो, तोच हा शब्द. पण मी नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, मराठी ख्रिस्ती. आमच्या मराठी बायबलात चर्चला 'मंडळी' म्हणतात. इमारतीला नव्हे हं, तिथे जमणाऱ्या माणसांना. त्यामुळे परदेशात आल्यावर माझ्या वाट्याला दोन गोष्टी आल्या : एक हे आपलं मंडळ आणि दुसरी ती मंडळी. आज दोन्हींबद्दल बोलायचं आहे.

कार्यकारिणीने विषय दिला तो असा : ख्रिस्ती माणूस परदेशी समाजात रुजतो, त्यात धर्माचा वाटा किती? विषय कुठून निघाला तेही सांगतो. इथे आल्यापासून एक वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय. 'तुमचं बरं आहे हो. तुम्ही ख्रिश्चन, हे लोकही ख्रिश्चन. तुम्हाला जड गेलं नसेल.' म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, उलट थोडं कौतुकच असतं. वाक्य अर्धं खरंही आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल सविस्तर बोलू.

आधी आपलं गाव बघू. लेटरकेनीची वस्ती २०२२च्या जनगणनेत साडेबावीस हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा गावात आपल्याला आणलं दोन गोष्टींनी : एक इथलं मोठं इस्पितळ आणि दुसरं कॉम्प्युटरचं काम. २०२० साली टीसीएसने इथली प्रामेरिकाची कंपनी घेतली आणि डोनेगलच्या डोंगरात टाटांची पाटी आली. इस्पितळांचं त्याच्याही आधीचं. २००० सालाच्या सुमारास आयर्लंडने फिलिपिन्स आणि भारतातून नर्सेस आणायला सुरुवात केली. भारतातून आलेल्या बऱ्याचशा केरळच्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा कॅथलिक.

त्यामुळे इथल्या माणसाच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलाय : भारतीय अधिक ख्रिस्ती म्हणजे केरळ अधिक कॅथलिक. सुरुवातीला मला भेटणारा प्रत्येक भला माणूस कथीड्रलची वाट दाखवायचा. ते उंच मनोऱ्याचं, १९०१ साली उघडलेलं सेंट युनन आणि सेंट कोलंबा यांचं कथीड्रल आपण रोज बघतो. मी त्यांना सांगायचो, 'अहो, मी कॅथलिक नाही.' मग पुढचा प्रश्न, जरा सावधपणे : 'मग चर्च ऑफ आयर्लंड की प्रेस्बिटेरियन?'

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण आमच्याकडे १९७० साली नागपूरला अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट वगैरे मंडळ्या एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. साहेबाने आणलेले वेगवेगळे पंथ आपल्या लोकांनी एका छपराखाली बसवले. मी त्या छपराखालचा. इथे मात्र मला निवडावं लागलं. आणि इथली निवड नुसती उपासनेची नसते. सतराव्या शतकात अल्स्टरमध्ये स्कॉटलंड-इंग्लंडहून माणसं आणून वसवली, जमिनी गेल्या. १९२२ साली डोनेगल सरहद्दीच्या या बाजूला राहिलं, डेरी त्या बाजूला. कथीड्रलच्या समोरच चर्च ऑफ आयर्लंडचं जुनं चर्च आहे. मधला रस्ता ओलांडायला अर्धं मिनिट पुरतं, पण त्या रस्त्यात चारशे वर्षं आहेत. मी एका बाजूला जाऊन बसलो आणि त्या इतिहासातलं एक लेबल माझ्याही शर्टाला चिकटलं. नगरच्या माणसाचा त्या भांडणाशी काय संबंध? पण दुसऱ्याच्या देवळात शिरलं की त्याच्या इतिहासातही थोडं शिरावं लागतं. ते टळत नाही.

आता धर्म काय देतो ते बघू. चार्ल्स हर्शमन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००४ साली यावर एक लेख लिहिला. स्थलांतरिताला धर्मसंस्था तीन गोष्टी देते, असं त्याचं म्हणणं. आपल्या भाषेत सांगायचं तर आसरा, मान आणि मदत. मला हे पटतं, कारण तिन्ही इथे दिसतात.

केरळच्या मंडळींकडे बघा. सकाळी इथल्या पॅरिशमध्ये इंग्रजी मिस्सा, आणि अधूनमधून एखाद्या संध्याकाळी आपल्या सिरो-मलबार पद्धतीची मल्याळम उपासना. नवी नर्स आली की तिला भाड्याचं घर कुठे मिळेल, कोणता डॉक्टर नवे पेशंट घेतो, शाळेचा युनिफॉर्म कुठे मिळतो, गाडीचा विमा कसा उतरवायचा, हे सगळं त्या उपासनेनंतरच्या चहात समजतं. हा आसरा आणि ही मदत. मान तिसरा. इस्पितळात रात्रपाळी करणारी बाई तिथे कुणाची तरी ताई असते, गायनवृंदात पुढे उभी असते, लहान मुलांना धडा शिकवते. नोकरीत माणसाला हुद्दा असतो, आणि परक्या देशात तो बहुधा लायकीपेक्षा एक पायरी खालचा असतो. मंडळीत त्याला नाव असतं.

हे फक्त आपलंच नाही. ज्या डोनेगलमध्ये आपण आलो, तिथली माणसं दीड-दोनशे वर्षं बाहेर जात होती. स्कॉटलंडमध्ये बटाटे काढायला, ग्लासगोच्या गोदीत, अमेरिकेत. त्यांचंही पहिलं ठिकाण पॅरिशच. ग्लासगोत १८८७च्या नोव्हेंबरात सेंट मेरीज चर्चच्या हॉलमध्ये ब्रदर वॉलफ्रिड या स्लायगोच्या धर्मबंधूने एक फुटबॉल क्लब काढला. हेतू काय, तर गरीब आयरिश मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायचे. तोच आजचा सेल्टिक. डोनेगलमध्ये हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेली इतकी मुलं का दिसतात, त्याचं मूळ त्या हॉलमध्ये आहे.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. आयरिश माणसं आणि स्कॉटिश माणसं, दोघेही ख्रिस्ती. तरी त्यांना एकमेकांचे शेजारी व्हायला कित्येक पिढ्या लागल्या, आणि फुटबॉलच्या मैदानावर ते भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. एकच ख्रिस्त, एकच बायबल, आणि तरी!

म्हणून म्हणतो, त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तपासायला हवा. धर्म एक असला म्हणजे समाज दार उघडतो का? या देशातल्याच तीन गोष्टी सांगतो.

२००४च्या जूनमध्ये इथे सार्वमत झालं. परदेशी आईबापांच्या मुलाला निव्वळ इथे जन्मला म्हणून नागरिकत्व मिळू नये, अशी घटनादुरुस्ती. त्या वेळी चर्चेत होत्या त्या मुख्यतः आफ्रिकेतून आलेल्या बायका, आणि त्यांतल्या बऱ्याचजणी ख्रिस्ती. सुमारे ७९ टक्के मतं दुरुस्तीच्या बाजूने पडली. मतदार बहुसंख्य कॅथलिक होते. लोकांची कारणं काही असोत, 'या आपल्याच धर्माच्या' हा विचार मतपेटीपर्यंत पोचला नाही.

दुसरी गोष्ट २००७ची. डब्लिनच्या उत्तरेला बॅलब्रिगन गाव आहे. प्राथमिक शाळा बहुतेक कॅथलिक चर्चच्या व्यवस्थापनाखाली, आणि जागा कमी पडल्या तर आधी कॅथलिक मुलांना प्रवेश असा नियम. जागा न मिळालेल्या मुलांसाठी ऐन सप्टेंबरात नवी शाळा उघडावी लागली. उघडली तर काय, वर्गात जवळजवळ सगळी मुलं आफ्रिकन वंशाची! त्यांतली कित्येक ख्रिस्ती घरांतली होती. पण पेंटेकॉस्टल किंवा दुसऱ्या पंथाची. बाप्तिस्मा झालेला होता, दाखला वेगळ्या चर्चचा होता.

तिसरी अगदी अलीकडची. २०२५च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये आणि इतरत्र भारतीयांवर हल्ले झाले. आपल्या दूतावासाला ऑगस्टच्या सुरुवातीला सूचना काढावी लागली, फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलावा लागला. त्या दिवसांत आपण सगळेच अंधार पडायच्या आत घरी येत होतो. हल्ला करणाऱ्याने कुणाला थांबवून 'तू रविवारी कुठे जातोस?' असं विचारलं नाही. माझ्या गळ्यातला क्रूस कॉलरच्या आत असतो. कातडी बाहेर असते.

तर धर्माने मिळतं काय? ओसरीवर जागा. लवकर मिळते, आणि ती छोटी गोष्ट नाही. भर पावसात ओसरीचीसुद्धा किंमत असते. पण माजघरात जायला आणखी काही लागतं.

काय लागतं, ते शोधताना मला आपल्याच दोन बायका आठवतात.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आल्या. बरोबर लहानगी मनोरमा. वाँटेज गावात अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दोघींचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे या बेटांवर आलेल्या नामांकित मराठी ख्रिस्ती स्थलांतरितांत त्या पहिल्या धराव्यात. 'तुमचं बरं आहे' हे वाक्य त्यांना लागू पडायला हवं होतं. घडलं ते वेगळंच. त्या शाकाहारी होत्या, अंडं घातलेलं पुडिंगही खात नव्हत्या, तर तोही वादाचा विषय. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्याला संस्कृत हवीत, हा त्यांचा आग्रह. त्या चेल्टनमला लेडीज कॉलेजात शिकवत होत्या. तिथे पुरुषांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रांतून उत्तरं दिली, आणि ती पत्रं आज छापील मिळतात. धर्म स्वीकारला म्हणजे बुद्धी आणि भाषा गहाण टाकली असं नाही, हे त्यांनी यजमानांच्या घरात बसून सांगितलं. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. पुढचं मुक्तिसदनाचं मोठं काम आपल्याला माहीत आहे.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांनी समुद्र ओलांडला नाही, पण त्यांचा प्रवास कमी लांबचा नव्हता. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी नगरला त्यांच्याजवळ राहायला आल्या, त्या हिंदू म्हणूनच. ख्रिस्ती वस्तीत वेगळी चूल, वेगळं पाणी. तिथल्या माणसांनी घाई केली नाही. हळूहळू सोवळं सुटलं, अनाथ मुलं पदराखाली आली, आणि १९०० साली त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना माझं म्हणणं पटेल : त्यांना तिथलं करून टाकलं ते उपदेशाने नाही, हाताला मिळालेल्या कामाने आणि कडेवर आलेल्या मुलांनी. आणि स्वतः टिळकांनी काय केलं? इंग्रजी चालीतल्या भाषांतरित गीतांऐवजी मराठी भजनं, अभंग, कीर्तन चर्चमध्ये आणलं. नगरच्या मंडळीत आम्ही पेटी-तबल्यावर देवाचं नाव घेतो, नाताळात करंज्या-शंकरपाळे करतो, ते त्या परंपरेमुळे.

या दोघींकडून मला दोन गोष्टी मिळाल्या : भाषा बाहेर ठेवून आत जायचं नाही, आणि आत गेल्यावर पाहुण्यासारखं बसून राहायचं नाही, काम मागायचं.

लेटरकेनीत याचा अर्थ काय? इथल्या मंडळीत पहिलं वर्ष लोक माझ्याशी हवामानावर बोलत. प्रेमाने बोलत, पण हवामानावरच. फरक पडला तो चहाच्या पाळीत नाव लागल्यावर. कपबश्या धुताना माणसं खरं बोलतात. कुणाचा मुलगा ऑस्ट्रेलियात गेलाय, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, कुणाचं शेत विकायचंय.

त्याहून मोठा फरक पडला मयताला जायला लागल्यावर. तुम्ही हायलँड रेडिओवर मृत्यूच्या बातम्या वाचतात त्या ऐकता ना? नव्या माणसाला ते विचित्र वाटतं. पण ते इथलं खरं सामाजिक पंचांग आहे. माणूस गेला की 'वेक'. घरात शव ठेवतात, गाव रांगेने येतं, घरच्यांचा हात हातात घ्यायचा, 'तुमच्या दुःखात आहोत' अशा अर्थाचे दोन शब्द बोलायचे, चहा आणि सँडविच घ्यायचं, थोडा वेळ बसायचं. महिन्याने पुन्हा आठवणीची मिस्सा. आपल्याकडे भेटायला जातात, दहाव्याला जातात, त्याचंच हे भावंड. आणि इथे एक गंमत आहे, जी आजच्या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वेकला आलेल्या माणसाला धर्म विचारत नाहीत. प्रॉटेस्टंट कॅथलिकाकडे जातो, कधीच चर्चला न जाणाराही जातो. तुम्ही हिंदू असा, बौद्ध असा, मुसलमान असा, शेजारच्या म्हातारीच्या वेकला दहा मिनिटं जाऊन या. तुम्ही आला होतात हे ते घर वर्षानुवर्षं विसरत नाही.

म्हणजे माजघराचं दार उघडतं ते श्रद्धेच्या दाखल्याने उघडत नाही. सुखदुःखाच्या वेळी हजर राहिल्याने उघडतं. ख्रिस्ती माणसाला चर्चमुळे हजर राहायच्या जागा लवकर कळतात, एवढाच त्याचा फायदा. तो फायदा तुम्हालाही घेता येतो.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. २०१६ साली या देशात ७९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं, २०२२ साली ते ६९ टक्क्यांवर आले. तरुण मंडळी चर्चपासून दूर जात आहेत. पूर्वी इथून धर्मगुरू भारतात जायचे, आता भारतातले धर्मगुरू इथल्या पॅरिशमध्ये येतात. म्हणजे चर्चच्या दाराने जो आत येतो, त्याची ओळख आजी-आजोबांशी होते. नातवंडं मैदानावर असतात. ते मैदानही मुळात पॅरिशचंच. १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे क्लब पॅरिशवार आहेत, आणि आपल्या गावच्या क्लबाचं नावही संताचंच, सेंट युनन्स. पण तिथे पोराला हर्ली किंवा फुटबॉल खेळायला बाप्तिस्मा लागत नाही. बापाला पावसात बाजूला उभं राहून ओरडावं लागतं, बस्स.

शाळेचंही सांगतो, कारण आईबाप मला विचारतात. २०१८च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेश देताना धर्म बघता येत नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला न बसण्याचा मुलाचा हक्क तर इथल्या घटनेतच आहे. पण दुसरीच्या वर्गात पहिल्या कम्युनियनची तयारी सुरू झाली की न बसणारं मूल बहुधा मागच्या बाकावर चित्रं रंगवतं. पांढऱ्या झग्यांच्या गप्पा चाललेल्या असतात आणि ते एकटं असतं. माझ्या ओळखीच्या एका मराठी ख्रिस्ती घरातल्या मुलीचंही हेच झालं, ख्रिस्ती असून! तेव्हा बाईंना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा, त्या वेळात मूल काय करणार ते ठरवून घ्या, आणि कम्युनियनच्या दिवशी वर्गमित्राला कार्ड घेऊन जरूर जा.

आता शेवटचं, थोडं आपल्या घरातलं. ओसरी आणि माजघर फक्त आयरिश लोकांकडेच असतात असं नाही. इतक्या वर्षांत मला एक शाबासकी अनेकदा मिळाली आहे : 'अरे वा, तुम्ही ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता!' माझ्या आजीची भाषा मराठी, पणजीची मराठी. 'ज्ञानोदय' नगरहून १८४२ साली निघालं. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६चं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मी मराठी छान बोलतो, यात नवल ते काय?

मी रागावून सांगत नाही. इथल्या लोकांनी मला धर्माने आपला मानलं आणि रंगाने परका. आपल्या लोकांनी भाषेने आपला मानलं आणि धर्माने पाहुणा. दोन्हीकडे ओसरी मिळाली, दोन्हीकडे आत जायला काम करावं लागलं. पण इथे जन्मलेल्या माझ्या मुलांना, आणि तुमच्याही मुलांना, मराठीच्या माजघरात यायला परवानगी काढावी लागू नये, एवढी इच्छा आहे. गणपती बसवा, मी आरतीला टाळ घेऊन उभा असतोच. नाताळच्या करंज्या करायला मात्र या वर्षी तुम्ही आमच्याकडे या. नुसत्या खायला नाही, सारण भरायला.

इथून पंधरा किलोमीटरवर गार्टन आहे. संत कोलंबाचा जन्म ५२१ साली तिथला. ५६३ साली तो समुद्र ओलांडून आयोना बेटावर गेला आणि तिथलाच झाला. गार्टनला एक सपाट दगड दाखवतात, त्याचं नाव एकटेपणाचा दगड. जायच्या आदल्या रात्री कोलंबा त्यावर झोपला, अशी आख्यायिका. पुढे परदेशी निघालेली डोनेगलची माणसं एक रात्र त्या दगडावर झोपून जायची, म्हणजे घराची आठवण छळणार नाही. दगडाने ती थांबली असेल असं मला वाटत नाही. पण इथल्या लोकांना सोडून जाणं कळतं, म्हणून आलेल्या माणसाचं दुःख त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्याशी बोला. आपण पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन गार्टनला सहल काढू, असं मी सुचवतो. डबे ज्याने त्याने आणावेत, चहाची पाळी माझी.